सदनिकेतील बाग आणि हातगुण

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून शिष्यवृत्त्या, वसतिगृह, वैद्यकीय साहाय्य, वधूवरसूचन अशा विषयांवर भाषणे व्हावयाची, हा आपला जुना प्रघात आहे. त्या पंक्तीत कुंडीतील झाडांनी येऊन बसावे हे काहींना थोडे विचित्र वाटेल. परंतु कार्यकारी मंडळाने हा विषय मुद्दाम ठेविला आहे, आणि त्याचे कारण आपल्या घराण्यांच्या इतिहासातच आहे. आपल्यापैकी बहुतेकांची मूळ घरे कोकणपट्टीतील. नारळी-पोफळीची वाडी, पाटाचे पाणी, न्हाणीघराच्या सांडपाण्यावर माजलेले अळू, अंगणात तुळस आणि मागीलदारी कढीलिंब, हे आपल्या आजी-आजोबांच्या नित्याच्या पाहण्यातले होते. पुढे नोकरीनिमित्त मंडळी गिरगाव-दादरच्या चाळींत आली. तेथे जमीन सुटली. पण गॅलरीच्या कोपऱ्यात डालड्याच्या डब्यात का होईना, तुळस उभी राहिली. त्यानंतरची पिढी मुलुंड, ठाणे, डोंबिवली आणि पुणे येथील सदनिकांत स्थिरावली. आता जुन्या इमारतींचा पुनर्विकास होऊन ती दहाव्या-पंधराव्या मजल्यावर चढते आहे. या चढणीत मातीचा तो डबा मात्र पुष्कळ ठिकाणी खालीच राहिला.

हे असे का झाले, असे विचारता बहुतेक घरांतून एकच उत्तर येते : "आमच्या हाताला गुण नाही हो. झाड आणले की महिन्याभरात वाळते." हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आजच्या व्याख्यानाचा सारा रोख त्या एका शब्दावर ठेवावा असे मी ठरविले. शाळेत विज्ञान शिकविण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा हातगुण नावाची दैवी देणगी मी सहसा मान्य करणार नाही हे आपण ओळखलेच असेल. हातगुण म्हणून जे काही असते ते तीन गोष्टींचे ज्ञान होय : ऊन किती आहे, मुळांना हवा मिळते की नाही, आणि पाणी केव्हा द्यावयाचे नाही. या तीन गोष्टी कळल्या की कोणाच्याही हाताला गुण येतो. त्या न कळता शंभर कुंड्या आणल्या तरी शंभर कुंड्या वाळतात.

वस्तुतः ही विद्या आपल्या घरांत नाही असेही नाही. नवरात्रात घटस्थापनेच्या दिवशी आपण परडीत किंवा पत्रावळीवर माती पसरतो, तीत धान्य पेरतो, मधोमध घट ठेवितो आणि रोज थोडे पाणी शिंपडतो. नऊ दिवसांत वीतभर कोंब वर येतात. कुंडीतील शेतीचा याहून सोपा पाठ कोणता असणार? पण त्या कोंबांचा रंग आपण कधी नीट न्याहाळला आहे काय? ते हिरवेगार नसतात. पिवळसर, लांबट आणि नाजूक असतात. याचे कारण असे, की देवघराच्या कोपऱ्यात उजेड थोडा. बीजातील शिदोरीवर कोंब वाढतो, उजेडाच्या शोधात उंच होतो. पण हिरवा रंग धरण्यास त्याला सूर्य हवा असतो आणि तो मिळत नाही. शिदोरी संपली की तो माना टाकतो. सदनिकेतील बहुतेक झाडांचे मरण हेच आहे. रोपवाटिकेतून आणलेले झाड आपल्या शिदोरीवर महिनाभर तग धरते. मग ते वाळते आणि आपण आपल्या हाताला दोष देतो.

यास्तव नवशिक्याने करावयाचे पहिले काम कुंडी आणणे हे नव्हे. पहिले काम म्हणजे एक आठवडा आपली गॅलरी पाहणे. एक खडू घ्यावा आणि सकाळी ८, ११, दुपारी २ व ५ वाजता ऊन जमिनीवर जेथवर येते तेथे रेघ मारावी. सुटीच्या दिवशी हे काम घरातील मुलांकडे द्यावे. त्यांना ते फार आवडते. आठवड्याच्या शेवटी आपल्याला कळते, की कोणत्या कोपऱ्यात किती तास ऊन पडते. फुलून फळणाऱ्या झाडांना, म्हणजे मिरची, टोमॅटो, वांगे यांना, निदान पाच-सहा तासांचे थेट ऊन हवे. पालेभाज्यांचे तीन-चार तासांत भागते. जेथे थेट ऊन येत नाही परंतु वर्तमानपत्र वाचता येईल असा स्वच्छ उजेड असतो, तेथे नागवेल, अळू, पानओवा अशी मोजकी मंडळी नांदतात.

येथे दिशेचा विचार थोडा विस्ताराने केला पाहिजे. कारण आपल्या प्रदेशात सूर्याची चाल मोठी मौजेची आहे. मुंबई सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस एकेक दिवस असा येतो, की मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. या दोन दिवसांच्या दरम्यान दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. उलट मार्गशीर्ष-पौषात तो दक्षिणेकडे इतका कलतो, की २१-२२ डिसेंबरच्या मध्यान्ही क्षितिजापासून त्याची उंची अवघी ४७-४८ अंश भरते. याचा व्यवहारातील अर्थ असा : दक्षिणमुखी गॅलरीत हिवाळ्यात ऊन खोलवर येते, आणि वैशाखात, ऊन सर्वांत प्रखर असताना, वरच्या मजल्याच्या छतामुळे तेथे सावलीच असते. उत्तरमुखी गॅलरीला मात्र वर्षाचा बराच भाग थेट ऊन जवळजवळ मिळत नाही. जे मिळते ते उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी, तेही सकाळ-संध्याकाळ तिरपे. पूर्वेची गॅलरी नवशिक्याला सर्वांत सुखाची. सकाळचे ऊन कोवळे आणि दुपारी विसावा. पश्चिमेची गॅलरी उदार खरी, पण चैत्र-वैशाखात तेथे हिरवी जाळी बांधावी लागते. नाहीतर पाने करपतात. म्हणजे शेजाऱ्याच्या गॅलरीत टोमॅटो लगडले आणि आपल्या गॅलरीत नाहीत यावरून हातगुणाचा निवाडा करणे अन्यायाचे आहे. त्यांचे दार पूर्वेस आणि आपले उत्तरेस, एवढाच तो भेद असू शकतो.

या सूर्यप्रकाशाचा हिशेब मांडण्याची दृष्टी महाराष्ट्राला ज्यांनी दिली त्यांत कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे त्यांनी शेतकऱ्यांना आणि सामान्य गृहस्थांना स्वतः प्रयोग करून, मोजून, लिहून ठेवण्याची सवय लाविली. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाच्या चिपाडांचा आणि स्वयंपाकघरातील कचऱ्याचा उपयोग करून, अगदी थोड्या मातीत भाज्या व फळझाडे वाढवून दाखविली. २००२ साली तत्कालीन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती भोजनगृहाच्या गच्चीवर, ओला कचरा जिरविण्याच्या निमित्ताने, अशाच बागेस आरंभ झाला. सिमेंटच्या नगरीत माती निर्माण करता येते हे या उदाहरणांनी सिद्ध केले आहे. आपल्याला एवढ्या मोठ्या उद्योगाची गरज नाही. पण त्यांतील तत्त्व आपल्या दोन हात रुंदीच्या गॅलरीलाही लागू पडते.

आता दुसरी गोष्ट : मुळे. वाडीतील झाडाचे मूळ पाण्याच्या शोधात हवे तिकडे जाते. कुंडीतील झाडाला ही मुभा नाही. त्याची सारी पृथ्वी म्हणजे ती कुंडी. तेव्हा ती पृथ्वी आपण भुसभुशीत करून दिली पाहिजे. मुळांना पाणी जितके लागते तितकीच हवाही लागते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बांधकामाच्या जागेवरून आणलेली चिकट माती कुंडीत ठासून भरली, की दोन-चार पाण्यांत तिची वीट होते. मुळे गुदमरतात आणि कुजतात. म्हणून तीन भागांचे साधे मिश्रण करावे : एक भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. ज्यांच्या पूर्वजांनी काथ्या वळला त्यांनी कोकोपीट विकत आणावे, हा काळाचा विनोद आहे. परंतु वस्तू चांगली आहे. ती हलकी असते आणि पाणी धरून ठेविते. शेणखत कच्चे असल्यास त्याला उष्णता सुटून मुळे भाजतात. तेव्हा वास येणारे, ओले शेण कुंडीत घालू नये.

कुंडीच्या तळाला भोक असलेच पाहिजे. हा नियम मी जितक्या मोठ्याने सांगता येईल तितक्या मोठ्याने सांगतो. शोभेच्या दुकानांत चिनी मातीची बिनभोकाची भांडी मिळतात. ती फुलदाणी म्हणून वापरावीत. भोकावर एक खापरी उपडी ठेवावी म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी निथळते. कुंडी काठोकाठ भरू नये. वर दोन बोटे जागा पाण्यासाठी सोडावी. भांडे नवेच हवे असेही नाही. जुनी बादली, तेलाचा डबा, स्वच्छ धुतलेली रंगाची बादली, सारे चालते. मेथी-कोथिंबिरीला पसरट आणि वीतभर खोल पात्र पुरे; मिरची-टोमॅटोला १२ इंचांची कुंडी हवी. काळ्या रंगाचे भांडे उन्हात फार तापते. ते पश्चिमेच्या गॅलरीत ठेवू नये.

तिसरी गोष्ट पाणी. आपल्याकडे झाडाला पाणी घालणे हे पुण्यकर्म मानलेले आहे, आणि पुण्य जितके जास्त तितके बरे अशा समजुतीने घरातील प्रत्येक माणूस येता-जाता तांब्याभर पाणी ओततो. परिणामी सदनिकेतील झाडे तहानेने मरतात त्याहून अधिक बुडून मरतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसावी. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. कोरडे लागले तर तळाच्या भोकातून पाणी येईपर्यंत सावकाश द्यावे. वरच्या वर चार थेंब शिंपडल्याने मुळे वरच राहतात आणि पहिल्या कडक उन्हात झाड कोमेजते. पाणी सकाळी द्यावे. घरात एकच व्यक्ती पाण्याची अधिकारी असावी. इतरांनी मोह आवरावा. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी झाडांना उत्तम, आणि पाणीकपातीच्या दिवसांत तर तेच खरे धन. मात्र साबणाचे आणि मिठाचे पाणी टाळावे.

या तीन गोष्टी समजल्यावर प्रश्न येतो, आरंभ कशाने करावा? माझे उत्तर असे, की पाच कुंड्यांनी. सहावी आणू नये. उत्साहाच्या भरात एकाच रविवारी वीस रोपे आणणारे गृहस्थ पुढच्या रविवारी लग्नाला जातात आणि त्यानंतर त्यांचा बागेशी संबंध संपतो. पाच कुंड्यांत काय असावे तेही सांगतो. पहिली अर्थात तुळस. दुसरी पुदिन्याची : बाजारातून आणलेल्या जुडीतील जाड काड्या निवडाव्यात, खालची पाने काढावीत, काड्या आठवडाभर पाण्यात ठेवाव्यात, पांढरी मुळे फुटली की मातीत लावाव्यात. तिसरे पसरट पात्र मेथीचे. डब्यातील मेथीदाणे रात्रभर भिजवून पेरावेत. तीन-चार दिवसांत अंकुर दिसतात आणि सुमारे महिन्याभरात एका वेळची भाजी निघते. नवशिक्याचा धीर सुटू नये म्हणून याहून चांगली वनस्पती नाही. चौथी मिरची : तिला ऊन मात्र भरपूर हवे. पाचवी कुंडी घरातील गृहिणीच्या आवडीच्या फुलाची. मोगरा, अबोली किंवा गोकर्ण. ऊन कमी असल्यास मिरची आणि मोगरा यांचा हट्ट सोडून नागवेल आणि पानओवा लावावा. पानओव्याची फांदी नुसती मातीत खोचली तरी जगते, आणि त्याच्या पानांची भजी मुलांना आवडतात.

ऋतूचे भान ठेवावे. ज्येष्ठ-आषाढात अळू आणि मायाळू यांचे राज्य. अळूचा कंद मात्र खाण्याच्या जातीचा आहे याची ओळखीच्या घरातून खात्री करून घ्यावी, कारण रानटी अळू घसा खाजवते. नवरात्र-दिवाळीच्या सुमारास टोमॅटोची रोपे तयार करावीत. मेथी, पालक, कोथिंबीर थंडीत उत्तम येतात. कोथिंबिरीसाठी धणे लाटण्याने हलके रगडून दोन दले वेगळी करावीत, आणि आठ-दहा दिवस वाट पाहण्याची तयारी ठेवावी. उन्हाळ्यात लाल माठ तग धरतो. भर पावसाळ्यात उघड्यावरील कुंड्यांतील पोषक द्रव्ये पाण्याबरोबर खाली निघून जातात, म्हणून श्रावणानंतर प्रत्येक कुंडीला दोन मुठी गांडूळखत द्यावे; एरव्ही महिन्याला एक मूठ पुरते. दुधी, दोडका, काकडी यांच्या वेली पहिल्या वर्षी लावू नयेत. त्यांची नर आणि मादी फुले निराळी असतात. उंच मजल्यावर मधमाशी आली नाही तर परागीकरण आपल्यालाच हाताने करावे लागते. टोमॅटो आणि मिरची यांचे फूल स्वयंपूर्ण असते; फांदी हलकेच हालविली की काम होते.

कीड पडली म्हणून घाबरून जाऊ नये. पानामागे कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे बारीक जीव दिसले तर तो मावा. प्रथम पाण्याच्या धारेने धुवावे. तेवढ्याने न भागल्यास लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे, आणि आठवड्याने पुन्हा. जी भाजी आपण व आपली मुले खाणार, तिच्यावर विषारी औषधे मारण्यात काय हशील?

खताच्या बाबतीत तर आपले स्वयंपाकघर हीच खाण आहे. २०१६ साली केंद्र सरकारने घनकचऱ्याचे नियम केले तेव्हा ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे हे प्रत्येक कुटुंबाचे कर्तव्य ठरले. वेगळा केलेला ओला कचरा सोसायटीच्या डब्यात टाकण्याऐवजी त्यातील भाज्यांची देठे, फळांच्या साली आणि चहाचा धुतलेला चोथा एका झाकणाच्या, बाजूंना भोके पाडलेल्या बादलीत घालावा. प्रत्येक थरावर तितकाच वाळका पालापाचोळा किंवा कोकोपीट पसरावे. आठवड्यातून दोनदा खालीवर करावे. दुर्गंधी येऊ लागली तर समजावे की ओल अधिक झाली. वाळका पाला वाढवावा. दोन-अडीच महिन्यांत काळे, पावसाच्या पहिल्या सरीच्या वासाचे खत तयार होते. शिजविलेले अन्न, तेल आणि मासळीचे अवशेष नवशिक्याने त्यात घालू नयेत. मांजरी, उंदीर आणि शेजारी असे तिघेही जमा होतात.

शेजाऱ्यांचा उल्लेख आला, तेव्हा एक अप्रिय पण अत्यावश्यक भाग सांगितलाच पाहिजे. सदनिकेतील बाग ही दुसऱ्याच्या डोक्यावर असते. कठड्यावर कुंडी ठेवणे हा निष्काळजीपणा नव्हे, अपराध आहे. वाऱ्याच्या झोताने किंवा कबुतराच्या धक्क्याने ती खाली पडली तर काय होईल हे सांगावयास नको. कुंड्या जमिनीवर, भिंतीलगत ठेवाव्यात. कठड्याला अडकविलेल्या असल्यास त्या आतील बाजूस असाव्यात. वजनाचाही विचार करावा. १२ इंचांची नुसत्या मातीने भरलेली कुंडी भिजल्यावर २५ किलोच्या आसपास भरते. कोकोपीट किंवा चिपाडे मिसळल्याने ते पुष्कळ उतरते. जुन्या इमारतीचा पुढे आलेला सज्जा असेल तर जाणकाराचा सल्ला घेतल्याखेरीज मोठी पिंपे ठेवू नयेत. प्रत्येक कुंडीखाली ताटली असावी, म्हणजे खालच्या मजल्यावरील वाळत घातलेल्या धोतरावर चिखलाचे नकाशे उमटणार नाहीत. त्या ताटलीतील पाणी मात्र साचू देऊ नये. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून उडता डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा ताटली रिकामी करून घासून काढावी; नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. गच्ची ही सोसायटीची समाईक मालमत्ता आहे. तेथे बाग करावयाची तर सभेची संमती घ्यावी आणि कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात, म्हणजे खाली ओल धरत नाही. एका कुंडीवरून वर्षानुवर्षांचा शेजार तुटावा इतके मोठे कोणतेच झाड नसते.

बंधुभगिनींनो, येथवर मी कृती सांगितली. आता या विषयात आपल्या ज्ञातिसंस्थेने का लक्ष घालावे ते सांगतो.

आपल्या समाजातील पुष्कळ वृद्ध आता गावचे घर बंद करून मुलांकडे शहरात राहावयास आले आहेत. त्यांची सोय उत्तम होते. औषधपाणी वेळेवर होते. दूरदर्शन आहे, फोन आहे. परंतु ज्या माणसाने सत्तर वर्षे रोज सकाळी उठून वाडीत फेरी मारली, कोणत्या पोफळीला पाणी कमी पडले आहे हे पाहिले, त्याला नवव्या मजल्यावर सकाळी उठून पाहावयास काही उरत नाही. कोणीही आपल्यावर अवलंबून नाही ही भावना म्हातारपणी फार बोचते. त्याची मुळेही कुंडीत आलेली असतात. फरक एवढाच, की कुंडी कोणी नीट भरून दिलेली नसते. अशा घरात पाच कुंड्या आल्या, की त्या गृहस्थाला किंवा त्या माउलीला पहाटे उठण्याचे कारण मिळते. त्यांच्याजवळ असलेले ज्ञान, म्हणजे मृगात काय लावावे, कोणत्या पानाचा काढा कशावर द्यावा, बी कोणत्या फळाचे धरावे, हे पुस्तकात शोधून मिळणारे नाही. ते विचारणारे कोणी नाही म्हणून ते मुकाट्याने त्यांच्याबरोबर जात आहे. आपण आपल्या घराण्यांच्या वंशावळी छापतो, त्या छापाव्यातच. पण वंशावळीत नाव येते, नावाबरोबरची विद्या येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे, की बागेचे काम घरात वाटून द्यावे. आजोबा-आजी गुरू, नातवंडे पाणी घालणारी, आणि मधली पिढी, जिला वेळ नसतो, तिने माती आणून देण्यापुरते कष्ट करावेत. नातवाने मेथी स्वतः पेरली, तीस दिवस पाहिली, की तो ती ताटात टाकून देत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. जे कुटुंब भाड्याच्या घरात आहे किंवा ज्यांच्या इमारतीचा पुनर्विकास व्हावयाचा आहे, त्यांनीही थांबण्याचे कारण नाही. वाडी मागे राहते. कुंडी मात्र टेम्पोत सामानाबरोबर येते. स्थलांतर हेच ज्यांच्या नशिबी आले त्यांच्यासाठी ही बाग अगदी योग्य आहे.

दुसरी सूचना महिला मंडळास. संक्रांतीच्या हळदीकुंकवात आपण वाण लुटतो. अलीकडे त्यात प्लास्टिकच्या डब्यांचा आणि चाळण्यांचा फार सुकाळ झाला आहे. त्यांतील बहुतेक वस्तू पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या घरी वाण म्हणून जातात. त्याऐवजी एक वर्ष आपण मुळे फुटलेली पुदिन्याची काडी, पानओव्याची फांदी, तुळशीचे रोप किंवा कागदाच्या पुडीत घरची मिरचीची बीजे वाण म्हणून दिली तर काय बिघडेल? त्यासाठी मार्गशीर्षातच काड्या पाण्यात ठेवाव्या लागतील, एवढीच पूर्वतयारी. गावी जाणाऱ्या मंडळींनी तेथील नागवेलीचा, सोनटक्क्याचा, अळूचा कंद वा तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून आणावा आणि वाटावा. मूळ घराचा अंश असा शहरातील दहा घरांत नांदू लागेल. आणि ज्यांना पाहून शिकावयाचे आहे त्यांनी भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात मुंबई महानगरपालिकेतर्फे भरणारे उद्यानप्रदर्शन किंवा पुण्यातील एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन एकदा सहकुटुंब पाहावे. तेथील कुंड्या पाहून मन प्रसन्न होईल. पण परत येताना सहावी कुंडी घेण्याचा मोह पहिल्या वर्षी तरी आवरावा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. पहिल्या वर्षी पाचांतील दोन झाडे जातील. ती गेली म्हणून हात झटकू नये. कुंडी उपडी करून मुळे पाहावीत. काळी व मऊ झाली असतील तर पाणी जास्त झाले. कोरडी आणि कडेने वेटोळी असतील तर कुंडी लहान पडली. मुळे बरी पण देठ लांबट व पिवळे असतील तर ऊन कमी पडले. मेलेले झाडही असे तीन प्रश्नांची उत्तरे देऊन जाते. ती माती उन्हात दोन दिवस पसरावी, त्यात नवे खत मिसळावे आणि पुन्हा पेरावे. हातगुण याच क्रमाने येतो. जन्मतः कोणीही तो घेऊन येत नाही.

पुढील संमेलनास येताना प्रत्येक घराने आपल्या गॅलरीतील एक काडी, एक रोप किंवा एक बीपुडी बरोबर आणावी, आणि सभागृहाच्या दाराशी एका मेजावर त्यांची देवघेव व्हावी, अशी विनंती मी कार्यकारी मंडळास व आपणा सर्वांस करितो.